जपानच्या शाळेचा फॉरवर्ड आणि टेंडरवर आलेली बाई

परवा तो फॉरवर्ड पुन्हा आला. या वेळी मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकला. जपानमध्ये शाळेत शिपाई नसतो, मुलं स्वतः वर्ग झाडतात, चौथीपर्यंत परीक्षाच नसते, मुख्याध्यापक मुलांच्या आधी जेवण चाखून बघतात, आणि शेवटी नेहमीचंच, आपण कधी सुधारणार? खाली मामांनी मलाच टॅग केलेलं. "तू तिथल्याच शाळेत आहेस ना गं? खरंय का हे?"

मी "हो मामा, बरंचसं खरंय" एवढं लिहिलं आणि विषय संपवला. पण रात्री भांडी घासताना डोक्यात तेच घोळत राहिलं. त्या फॉरवर्डमध्ये मुलं आहेत, झाडू आहे, मुख्याध्यापक आहेत. मी नाही. म्हणजे त्या शाळेत रोज जाणारी, पण त्या शाळेची नसलेली बाई त्यात नाही. मामांना ग्रुपवर एवढं सगळं लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी नक्की काय करते ते. इथे आम्हाला एएलटी म्हणतात, असिस्टंट लँग्वेज टीचर. सरकारी शाळेत इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाच्या जोडीला उभा राहणारा परदेशी माणूस. वर्ग जपानी शिक्षकाचा, जबाबदारी त्याची, मार्क तो देणार. आम्ही सोबतीला. १९८७ साली जपाननं 'जेट' नावाची योजना सुरू केली. त्यातून येणाऱ्यांना तिथलं स्थानिक सरकार थेट नोकरीवर घेतं. एकेक वर्षाचा करार, जास्तीत जास्त पाच वर्षं. मी त्यातली नाही. मी दुसऱ्या दारानं आले, एका खासगी कंपनीमार्फत. ही कंपनी गावोगावच्या शिक्षण मंडळांना एएलटी पुरवते. वाळू पुरवतात, खडी पुरवतात, तसं.

मी मूळची नाशिकची. जपानी शिकले पुण्यात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचं मोठं विश्व आहे, ते पुणेकरांना सांगायला नको. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात चांगली जपानी होती ती माझ्या एका मैत्रिणीची. झेडपीच्या शाळेत शिकलेली, मराठी माध्यम, पुढे स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी आणि जपानी दोन्ही कमावलेलं. ती माझ्याहून कितीतरी चांगली शिकवते. पण व्हिसाच्या कागदांत मला दाखवावं लागलं की माझं किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालंय. मी कॉन्व्हेंटमधली, मला दाखवता आलं. तिला आलं नसतं, म्हणून तिनं अर्जच केला नाही. आता ती पुण्यातच एका कंपनीत भाषांतराचं काम करते आणि मला अधूनमधून जपानी व्याकरणातल्या चुका दाखवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'परदेशात शिकवायला गेलेली हुशार मुलगी' वगैरे कौतुक कमेंटमध्ये येणार नाही. हुशारीचा प्रश्न नव्हता. माध्यमाचा होता.

२०२२ च्या सप्टेंबरात आले. नागानो प्रांतातलं छोटं गाव, चारी बाजूंनी डोंगर, सफरचंदाच्या बागा, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. माझ्याकडे तीन शाळा, दोन प्राथमिक आणि एक माध्यमिक. सोमवार-मंगळवार इथे, बुधवारी तिथे, असं आठवड्याचं वेळापत्रक. सकाळी पावणेआठला शाळेत पोचायचं, दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, मग स्टाफरूममध्ये शिरताना मोठ्यानं "ओहायो गोझाइमासु". सगळे मान वर करून उत्तर देतात, लगेच मान खाली, काम सुरू. तिन्ही शाळांत माझं टेबल कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. एका शाळेत तर त्या टेबलावर कागदाची रिमं ठेवलेली असायची, मी आले की उचलायचे, गेले की परत ठेवायचे. वाईट कुणीच वागलं नाही हं. पण आपण आठवड्यातून दोनदा येणारी वस्तू आहोत हे टेबल बघून कळतं.

तास कसा असतो? प्राथमिकला ४५ मिनिटांचा. "हाऊ आर यू?" मी विचारते, तीस पोरं एका सुरात, "आयॅम फाइन थँक्यू अँड यू?" ताप असलेलं पोरही फाइनच असतं. मग चित्रांची कार्डं, गाणं, एखादा खेळ, आणि बाई सांगतील तेव्हा मी शब्द उच्चारायचे, मुलांनी मागून म्हणायचे. आम्ही एएलटी लोक स्वतःला 'माणसाचा टेपरेकॉर्डर' म्हणतो ते यावरूनच. आणि आता खरा टेपरेकॉर्डरही आहे, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दाबला की अमेरिकन आवाज येतो. एकदा एका बाईंनी माझ्या तोंडून 'वॉटर' ऐकलं, जरा थांबल्या, आणि हसून कोड दाबला. मुलांनी अमेरिकन वॉटर म्हटलं. मी पण म्हटलं. काय करणार?

पहिल्या दिवशी मुलांचा प्रश्न होता, तुम्ही रोज कढी खाता का? म्हणजे करी, जपानी भाषेत कारे. मी म्हटलं, आमच्याकडे कढी नावाचा एक वेगळाच पदार्थ आहे, तो ताकाचा असतो. त्यावर पूर्ण १० मिनिटं गेली आणि ती त्या तासातली सगळ्यात चांगली १० मिनिटं होती, कारण मुलं कार्डावर नसलेलं काहीतरी विचारत होती. तुमच्या गावात हत्ती आहे का, गणितात तुम्ही सगळे हुशार असता ना, तुम्हाला भाऊ किती. निम्मं जपानीत, निम्मं मोडक्या इंग्रजीत. भाषा अशीच शिकतात असं मला वाटतं.

इथे एक माहिती देते, कारण आपल्याकडे यावर फार भांडणं होतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. जपानमध्ये तिसरी-चौथीला इंग्रजी सगळीकडे लागू झाली ती २०२० मध्ये, तीसुद्धा वर्षाला ३५ तास, म्हणजे आठवड्याला एक, मार्क नाहीत. पाचवी-सहावीला ७० तास. बाकी सगळं, विज्ञान, गणित, इतिहास, पार विद्यापीठापर्यंत, जपानीतून. याचा फायदा डोळ्यांनी दिसतो. वर्गात समजलं नाही म्हणून गप्प बसलेलं मूल विज्ञानाच्या तासाला सहसा दिसत नाही, इंग्रजीच्या तासाला दिसतं. तोटाही दिसतो, नऊ-दहा वर्षं शिकून स्टेशनवर परदेशी माणसानं पत्ता विचारला की घाम फुटतो. मी दोन्ही बघते. पण दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मला मुलाला घाम स्टेशनवर फुटलेला चालेल, विज्ञानाच्या तासाला नको.

आता फॉरवर्डकडे.

मुलं सफाई करतात, खरंय. दुपारी जेवणानंतर संगीत लागतं, सगळे फडकी घेऊन पळतात. फरशीवर ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबून, ढुंगण वर करून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत. मीही एकदा केलं, दोन दिवस कंबर धरून बसले. पण शाळेत शिपाई नसतो हे खोटं. आमच्याकडे योमुइन-सान आहेत, साठीच्या पुढचे. गवत कापतात, तुटलेली बाकं दुरुस्त करतात, हिवाळ्यात मुलं यायच्या आधी अंधारात बर्फ उपसून वाट करतात. मुलांना झाडायला वाट मोकळी असते ती त्यांच्यामुळे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना ते दिसले नाहीत, कारण ते पहाटे येतात.

परीक्षा नसते, हेही खोटं. धडा संपला की चाचणी असते. कांजी अक्षरांच्या चाचण्या तर चालूच असतात. सहावीपर्यंत १,०२६ कांजी शिकायच्या असतात, त्या काही झाडू मारून येत नाहीत.

जेवणाचं मात्र खरं आहे आणि फॉरवर्डमध्ये सांगतात त्याहून जास्त चांगलं आहे. शालेय जेवणाचा कायदा १९५४ चा. पांढरे डगले आणि टोप्या घातलेली मुलं मोठी पातेली वर्गात आणतात, तीच वाढतात. मुख्याध्यापक खरोखर मुलांच्या आधी जेवतात, काही बिघडलेलं असेल तर आधी त्यांना कळावं म्हणून. आणि वर्गशिक्षक मुलांबरोबर त्याच वर्गात तेच जेवण जेवतो. डॉक्टरचं पोर आणि बागेत मजुरी करणाऱ्याचं पोर एकाच पातेल्यातलं खातं. आपल्याकडे खिचडी ही 'त्यांच्या' मुलांसाठी असते, शिक्षकांचा डबा वेगळा असतो. मला जपानमधून एकच गोष्ट उचलून नेता आली तर मी झाडू नेणार नाही, ते पातेलं नेईन.

माझी पंचाईत वेगळीच. मी शाकाहारी. इथे भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो. म्हणून मी डबा नेते. पहिल्यांदा पोळीभाजी उघडली तेव्हा दहा-बारा डोकी माझ्या डब्यावर. एका मुलीनं विचारलं, थोडी देणार? मी तुकडा मोडणार तेवढ्यात बाई धावत आल्या. ॲलर्जीमुळे एकमेकांचं खायला द्यायचं नाही, सक्त नियम. नियम बरोबर आहे. पण समोर पोर बसलंय, त्याला भूक नाही तर उत्सुकता आहे, आणि आपण डबा झाकून खातोय, हे नाशिकच्या बाईला सहन होत नाही हो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग कशाला नेतेस, उपाशी रहा."

आणि मुलं डबे, पातेली, फडकी घेऊन पळत असताना शिक्षक काय करत असतात, ते फॉरवर्डमध्ये नाही. २०१८ च्या 'टालिस' नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचं काम आठवड्याला ५६ तास निघालं, सहभागी देशांत सगळ्यात जास्त. सरासरी ३८ तास होती. आणि त्या जादा तासांचे पैसे? १९७१ च्या एका कायद्यानं पगाराच्या ४ टक्के रक्कम सरसकट दिली की ओव्हरटाइमचा विषय संपला. पन्नासहून अधिक वर्षं हेच चाललं. २०२५ मध्ये कायदा बदलला, आता ते टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर जाणार आहे. मी संध्याकाळी कधी गाडीनं शाळेवरून गेले तर साडेआठला स्टाफरूमचे दिवे लागलेले असतात. आमच्या सहावीच्या वर्गशिक्षिका, तिशीतल्या, एकदा झेरॉक्सपाशी उभ्या उभ्या झोपलेल्या मी पाहिल्यात. मशीन थांबलं तशा जाग्या झाल्या, मला म्हणाल्या, "माफ करा." माझीच माफी मागितली त्यांनी.

शाळेत न जाणाऱ्या मुलांचा आकडाही फॉरवर्डमध्ये नसतो. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक-माध्यमिकची ३ लाख ४६ हजारांहून जास्त मुलं अशी होती. गरिबीमुळे नाही, मजुरीला गेली म्हणून नाही. शाळेत पाऊल टाकवत नाही म्हणून.

तसा एक मुलगा आमच्या शाळेतही होता. पाचवीतला. तो शाळेत यायचा, पण वर्गात नाही, आरोग्य खोलीत. प्रथमोपचाराची जी खोली असते तिथे, नर्सबाईंच्या शेजारी बसून वह्या सोडवायचा. इथे याला वेगळं नावसुद्धा आहे, इतकं ते नेहमीचं. मला मधल्या एका तासाला काम नसायचं. एकदा बोटाला कागद कापला म्हणून पट्टी मागायला गेले. त्यानं जपानीत विचारलं, इंडियामध्ये पण बर्फ पडतो का? मी इंग्रजीत उत्तर दिलं, त्याला अर्धं कळलं. पुढच्या आठवड्यात त्यानं ॲटलास काढून ठेवला होता. मग ठरूनच गेलं, मंगळवारी तिसऱ्या तासाला मी तिथे. त्याला नकाशे आवडायचे. मी नाशिक दाखवलं, गोदावरी कुठून कुठे जाते ते दाखवलं. ती पश्चिमेच्या समुद्राच्या एवढी जवळ उगम पावून पूर्वेला का जाते, हा त्याचा प्रश्न. मला भूगोलात इतकं कुणी खोदून विचारलं नव्हतं. चार-पाच महिन्यांत तो माझ्याशी इंग्रजीत चुकत, अडखळत, पण सलग बोलायला लागला. वर्गात एक शब्द न बोललेला मुलगा.

मला वाटलं हे त्याच्या वर्गशिक्षिकेला सांगावं. दोघी मिळून काहीतरी करू, त्याच्यासाठी इंग्रजीचा तास हे वर्गात यायचं दार होऊ शकेल. आणि इथे माझा करार आडवा आला.

माझा करार ठेक्याचा होता. म्हणजे शाळेनं शिक्षण मंडळामार्फत कंपनीला काम दिलंय, माणूस दिलेला नाही. जपानच्या कामगार कायद्यानुसार अशा ठेक्यात शाळेच्या शिक्षकानं मला थेट सूचना द्यायच्या नाहीत. दिल्या तर तो 'ठेक्याच्या नावाखाली माणूस राबवणं' हा गुन्हा होऊ शकतो. कायद्याचा हेतू चांगला आहे, कामगाराच्या रक्षणासाठीच आहे. पण वर्गात त्याचं काय होतं बघा. बाईंना तास बदलायचा असेल तर त्यांनी मंडळाला सांगायचं, मंडळानं कंपनीला, कंपनीच्या समन्वयकानं मला. एका फळ्यासमोर आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि "हे कार्ड आधी घेऊ या का" हे विचारायला निरोप टोक्योमार्गे. अर्थात रोज सगळे हा नियम मोडतात. बाई हळूच म्हणायच्या, "हे मी बोलले नाही असं समजा हं." पण मुलाबद्दलची गोष्ट तास बदलण्याएवढी लहान नव्हती. त्या शाळेत दर महिन्याला अशा मुलांबद्दल शिक्षकांची बैठक व्हायची. मी विचारलं, येऊ का? उपमुख्याध्यापक फार अवघडले. ते सज्जन माणूस. म्हणाले, तुम्ही शाळेच्या कर्मचारी नाही, मुलांची खासगी माहिती तुमच्यासमोर बोलता येत नाही. बरोबर होतं त्यांचं. कागदावर.

मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं की विद्यार्थ्यांशी तासाबाहेरचा संपर्क कराराच्या कक्षेत बसत नाही, काळजी घ्या. मी मंगळवारी जाणं बंद केलं नाही. पण चोरासारखं जायला लागले.

मग मार्च. इथे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे बदल्या मार्चमध्ये. कायम शिक्षकांच्या बदल्यांची यादी चक्क स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते. शाळेत निरोपाचा कार्यक्रम होतो, फुलं, गाणं, मुलं रडतात. आणि त्याच सुमारास शिक्षण मंडळ पुढच्या वर्षाच्या एएलटीसाठी निविदा उघडतं. हो, निविदा. टेंडर. २०२४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं कमी दर भरला. आमच्या कंपनीचा ठेका गेला, आणि ठेक्याबरोबर मी गेले. मला कळलं ते शेवटच्या तासाच्या नऊ दिवस आधी, फोनवर. दोन तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या गावात जागा आहे, येणार का? हो म्हटलं, व्हिसाचा प्रश्न असतो, दुसरं काय म्हणणार. निरोपाचा कार्यक्रम होता त्या दिवशी माझा करार आधीच संपलेला होता, म्हणून मी स्टेजवर नव्हते. वर्तमानपत्राच्या यादीत माझं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या मुलाला मी शेवटच्या मंगळवारी सांगितलं. तो काही बोलला नाही. ॲटलास मिटला, कपाटात ठेवला आणि गणिताची वही काढली.

पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला शाळेत फोन करणं योग्य नाही, मी त्या शाळेची कुणीच नाही.

आता कुणी म्हणेल, कंपनी वाईट होती. तसं मला वाटत नाही. पगार वेळेवर यायचा, महिना २ लाख १० हजार येन, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या आत-बाहेर. ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून निम्मा. घरभाडं, गाडी, विमा, हिवाळ्यातलं रॉकेल जाऊन जे उरायचं त्यातून घरी पाठवण्यासारखं फार काही नसायचं, पण उपाशी नव्हते. जेटच्या योजनेत पहिल्या वर्षी ३३ लाख ६० हजार येन मिळायचे, एप्रिल २०२५ पासून ते ४० लाख २० हजार झाले. आमचं त्याच्या पाऊणच. काम तेच, वर्ग तोच, मुलं तीच.

गावच्या शिक्षण मंडळालाही मी दोष देत नाही. थेट माणूस नेमला तर त्याचं घर बघा, आजारपण बघा, तो नीट शिकवत नसेल तर त्याच्याशी भांडा. कंपनीला ठेका दिला की एक फोन नंबर मिळतो. माणूस आवडला नाही, दुसरा पाठवा. कार्यालयात बसलेल्या चार लोकांसाठी ही मोठीच सोय आहे. प्रत्येकानं आपल्या जागेवरून शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि मंगळवारचा तिसरा तास गेला. टेंडरमध्ये तो तास कुठल्याच रकान्यात नव्हता, मग तो वाचणार कसा?

हे सगळं मी आता इथे का लिहितेय? २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारनं बाह्य यंत्रणेमार्फत माणसं घेण्याचा जीआर काढला. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे चार गट, नऊ कंपन्या. मी तो पीडीएफ त्या झेरॉक्सशेजारच्या टेबलावर बसून वाचला होता. माझ्याच कराराचं मराठी भाषांतर वाचतोय असं वाटलं. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये जीआर मागे घेतला गेला. तेव्हा बऱ्याच जणांनी आरक्षणाच्या अंगानं विरोध केला, काहींनी पगाराच्या अंगानं. दोन्ही बरोबर. वर्गाच्या अंगानं मात्र फार कमी बोललं गेलं.

आणि जीआर मागे घेतला म्हणजे विषय संपला असं नाही. सीनियर कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे मित्र आहेत, पीएचडी झालेले, एका शहरातून दुसऱ्या शहरात एसटीनं तास घेत फिरणारे. दिवाळी आली की मानधन कधी जमा होणार हे एकमेकांना विचारणारे. शिक्षणसेवक तर २००० सालापासून आहेत. तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला ते कितीतरी वर्षं ६ हजार होतं, २०२३ मध्ये १६ हजार झालं. फरक एवढाच की शिक्षणसेवक निदान त्या शाळेचा असतो. तो शिक्षकांच्या बैठकीला बसतो, गावात लोक त्याला गुरुजी म्हणतात, तीन वर्षांनी तो कायम होतो. ठेक्यावरच्या माणसाला शाळाच नसते.

यावर 'मग कामचुकार कायम शिक्षकांचं काय?' हा प्रश्न येणार, तो येऊ द्या. आहेत तसे. मीही त्यांच्या हाताखाली शिकलेय, वर्गात पेपर वाचत बसणारे. पण जपानमध्ये मी जे बघितलं ते उलटं आहे. तिथले कायम शिक्षक उभ्या उभ्या झोपेपर्यंत काम करतात, आणि तरीही त्यांच्या शेजारी ठेक्यावरचं माणूस उभं केलं की दोघांच्या मध्ये भिंत उभी राहते. कायमवाल्याला दोन माणसांचं ओझं, ठेकेवाल्याला हात बांधलेले. कामचुकारपणाचा इलाज ठेका हा नाही. आणि ज्यांना वाटतं की स्पोकन इंग्लिश, कोडिंग वगैरेसाठी बाहेरच्या संस्थेकडून माणूस आणला तर काय बिघडतं, त्यांना मी एवढंच विचारीन, तो माणूस आठवड्याचे उरलेले पाच दिवस कुठे असतो, आणि पुढच्या जूनमध्ये तोच येणार आहे का? बाहेरून यायला माझी ना नाही. मी स्वतःच बाहेरून आलेय. पण नेमणूक शाळेनं किंवा जिल्हा परिषदेनं स्वतः करावी, निदान तीन वर्षांसाठी करावी, आणि त्याला शिक्षकांच्या बैठकीत खुर्ची द्यावी. यापेक्षा स्वस्तात करायचं असेल तर मुलांना क्यूआर कोड द्या, तो निदान निघून जात नाही.

मामांना मी आज सकाळी फोन केला. म्हटलं, जेवणाचं खरं आहे, शिपायाचं खोटं आहे, परीक्षेचं खोटं आहे. ते म्हणाले, "अगं, पण मुलं झाडतात हे तर खरं ना?" म्हटलं, हो मामा, झाडतात. त्यांचं समाधान झालं.

नव्या गावातली शाळा बरी आहे. टेबल खिडकीपाशी मिळालंय. यंदाची निविदा कंपनीनं जिंकली, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत मी इथे.

ज्यांच्या मुलांच्या शाळेत सध्या बाहेरच्या संस्थेकडून कुणी शिकवायला येतं, झेडपी असो, नगरपालिका असो वा अनुदानित, त्यांनी कमेंटमध्ये लिहा : कोण नेमतं, किती महिन्यांसाठी, आणि गेल्या वर्षीचीच व्यक्ती यंदा आली का. स्वतः असं काम करणाऱ्यांनी नाव न घालता इनबॉक्समध्ये लिहिलं तरी चालेल. शाळेचं नाव नको, तालुका पुरे. मी सगळं एकत्र करून पुढच्या पोस्टमध्ये टाकते. उत्तरं द्यायला वेळ लागेल, उद्या तीन शाळांपैकी लांबची शाळा आहे आणि बर्फ पडायला लागलाय.